सोलापूरचा नकाशा कोण आखतं? टाऊन प्लॅनरचं काम आणि त्यातलं करिअर

1992 मध्ये सोलापूर महापालिकेची हद्दवाढ झाली. सुमारे 33 चौरस किलोमीटरचं शहर एकदम 178.57 चौरस किलोमीटरचं झालं. बाळे, केगाव, शेळगी, सोरेगाव अशी गावं शहरात आली. हद्द कागदावर वाढली, पण त्या जमिनीवर रस्ता कुठून जाणार, शाळा कुठे होणार, पाण्याची टाकी कुठे बसणार? हे ठरवण्याचं काम नगररचनाकाराचं, म्हणजेच टाऊन प्लॅनरचं.

हे काम चालतं कसं?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार प्रत्येक महापालिकेला विकास आराखडा, म्हणजे डीपी करावा लागतो. आधी कोणत्या जमिनीवर आज काय आहे, याचा सर्व्हे होतो. मग पुढच्या साधारण 20 वर्षांत किती लोक वाढतील, याचा अंदाज बांधून रस्ते, बागा, शाळा, दवाखाने यांसाठी जागा आरक्षित होतात. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांना हरकती द्यायला 30 दिवस मिळतात. सुनावणीनंतर शेवटची मंजुरी राज्य सरकार देतं.

सोलापुरात अवघड काय?

2001 मध्ये शहराची लोकसंख्या 8.72 लाख होती, 2011 मध्ये ती 9.51 लाख झाली. म्हणजे दहा वर्षांत वाढ जेमतेम 9 टक्के. पण शहर पसरलंय पाचपट जागेत. घरं लांब लांब असली की तेवढ्याच लोकांसाठी पाइप, ड्रेनेज आणि रस्ते जास्त लांबीचे लागतात. त्यात पाणी आणायचं थेट उजनी धरणातून, शंभरावर किलोमीटर लांबून. त्यामुळे नवी वस्ती कुठे होऊ द्यायची, हा इथे थेट पैशांचा आणि पाण्याचा प्रश्न आहे.

दुसरी अडचण वेळेची. आरक्षण टाकलं म्हणजे जमीन मिळाली, असं नाही. आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जागा घेतली नाही, तर कलम 127 नुसार मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. तिथली बाग नकाशातूनच जाते. मालकाच्या बाजूने पाहिलं, तर तोही इतकी वर्षं स्वतःच्या जमिनीवर बांधकाम करू शकलेला नसतो. म्हणून नुसता चांगला नकाशा काढून भागत नाही. पैसे कुठून येणार, टीडीआर देऊन जागा मिळेल का, आधी कोणती जागा घ्यायची, हेही प्लॅनरला सांगता यावं लागतं.

या क्षेत्रात कसं जायचं?

बारावीला गणित घेऊन नियोजनाची चार वर्षांची पदवी, म्हणजे बी. प्लॅन करता येते. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा इथल्या एसपीए संस्थांसाठी जेईई मेनमधला नियोजनाचा स्वतंत्र पेपर द्यावा लागतो. पुण्यात सीओईपीमध्येही नियोजनाचं शिक्षण मिळतं. सिव्हिल इंजिनिअर आणि आर्किटेक्ट दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण घेऊन इकडे वळू शकतात.

सरकारी नोकरीसाठी एमपीएससी सहायक नगररचनाकार पदाची परीक्षा घेते. सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा नियोजनाची पदवी असलेल्यांना ती देता येते. खासगी सल्लागार कंपन्यांमध्येही काम असतं, तिथे जीआयएस येणं उपयोगी पडतं.

आणि ज्यांना प्लॅनर व्हायचं नाही त्यांनी? प्लॉटचा इसार देण्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्यावा. आपल्या प्लॉटमधून डीपी रस्ता जातोय का, हे तिथे आधीच कळतं.