देठ हिरवा राहण्याचे दिवस

द्राक्ष निर्यातीतली सगळी धडपड देठ हिरवा राखण्यासाठी असते. इंदापूर तालुक्यात सणसर-बोरीच्या पट्ट्यात ऊन चढायच्या आत तोडणी उरकतात. पॅकहाऊसमध्ये बायका बारीक टोकाच्या कात्रीने खुजा, डागी मणी काढतात. मण्यावरची पांढरी झाक पुसू नये म्हणून घड देठालाच धरून उचलतात. अर्ध्या किलोचे पनेट, म्हणजे छोटे डबे, पाच किलोच्या बॉक्समध्ये बसतात, वर गंधकाचा वायू हळूहळू सोडणारा पॅड. मग काही तास प्रीकूलिंग, आणि शून्य-एक अंशावरचा कंटेनर न्हावाशेवा बंदराला. एवढं करूनही माल मोजके दिवसच टिकतो. देठ तपकिरी पडला, की मणी कितीही गोड असो, युरोपात भाव पडतो.

दिवसांचा हा सगळा हिशेब युरोपच्या वाटेवरचा लाल समुद्र खुला आहे असं धरून बसवलेला आहे. गाझाचं युद्ध पेटल्यावर इराणच्या पाठबळावर लढणाऱ्या येमेनमधल्या हूथींनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘गॅलेक्सी लीडर’ जहाज पळवलं, पुढे जहाजांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली. मोठ्या कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली, आणि रॉटरडॅमचा वीस-पंचवीस दिवसांचा प्रवास पस्तीस-चाळीस दिवसांवर गेला. यावर कुणी म्हणेल, व्यापार थांबला तर नाही! लोखंडासाठी ते खरं आहे. द्राक्षाचे मात्र वाढलेले दिवस देठातून जातात आणि वाढलेलं भाडं बागेवरच्या दरातून. जहाज कंपनी भाडं वाढवते, निर्यातदार दर कमी करतो. ज्याला हा बोजा पुढे ढकलता येत नाही, तो बागायतदार.

इथला ऊस शेजारी भवानीनगरच्या छत्रपती कारखान्यात जातो, त्याचा समुद्राशी काय संबंध, हा आक्षेपही टिकत नाही. उसाला लागणाऱ्या पोटॅशसाठी भारत आयातीवर अवलंबून आहे, आणि जॉर्डनचं पोटॅश अकाबा बंदरातून याच समुद्राने येतं. हूथींच्या माऱ्यानंतर मार्च २०२४ मध्ये बुडालेल्या ‘रुबीमार’मध्ये खतच भरलेलं होतं.

भारतीय नौदल कमी पडलं असं नाही. त्याच महिन्यात ‘आयएनएस कोलकाता’ने मारा झालेल्या ‘ट्रू कॉन्फिडन्स’वरच्या २१ जणांना वाचवलं. पण युद्धनौकेमुळे जहाजाच्या विम्याचा हप्ता उतरत नाही, आणि त्याचा भार वाहायला सरकारकडे शेतीच्या खात्यात ठरलेली सोय हवी. समुद्रमार्ग बिघडला की नाशवंत मालाच्या वाढीव भाड्याचा वाटा सरकारने उचलावा, आणि तो जानेवारीत तोडणी सुरू होण्याआधी जाहीर करावा.