सायकलचं हँडल आणि सहा आठवडे

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत माझा दहा वर्षांचा भाचा निपाणीहून आमच्याकडे बऱ्हाणपूरला आला होता. घरी अज्जीशी कन्नड, आईशी मराठी. इथे आठवडाभरात गल्लीतल्या पोरांशी हिंदीही बोलू लागला! एका संध्याकाळी सायकल घसरली आणि हँडलचं टोक पोटात बसलं. वरून खरचटलंही नव्हतं. रात्री "मामा, होट्टे नोवु" म्हणून कळवळला, तेव्हा मी मावा जिलबीला दोष दिला आणि ओवा-हिंग देऊन निजवलं. चूक माझीच.

सकाळी उलट्या थांबेनात, कळ पाठीत जाऊ लागली. तपासणीत रक्तातलं लायपेज वाढलेलं, सोनोग्राफीत स्वादुपिंडाला सूज. कन्नडमध्ये याच अवयवाला मेदोजीरक ग्रंथी म्हणतात. तो जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून असतो. पोटावर जोराचा मार बसला की तो कण्यावर दाबला जातो आणि कधी त्यातली नळी फाटते. मग पाचकरस बाहेर साठतो. मुलांना पित्तखडे, काही औषधं किंवा आनुवंशिक दोष यांमुळेही ही सूज येते.

मोठ्या शहरातल्या रुग्णालयात नेलं. ताई रडत म्हणाली, "डॉक्टर, ऑपरेशन करून एकदाचं काढून टाका." डॉक्टर म्हणाले, "ताई, आता थांबणं हाच उपचार."

कारण ताज्या साठ्याला भिंत नसते. ती पक्की व्हायला साधारण चार आठवडे लागतात, आणि पुष्कळदा साठा आपोआप जिरतो. मात्र ताप, कावीळ, वाढती कळ, अन्न न टिकणं यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं.

भाच्याचा साठा जिरला नाही, जठरावर दाब आला. सहाव्या आठवड्यात त्याला पूर्ण भूल देऊन तोंडावाटे दुर्बीण घातली. तिच्या टोकाशी सोनोग्राफी असते. मधली रक्तवाहिनी चुकवून जठराच्या भिंतीतून साठ्यात वाट केली आणि स्टेंट ठेवला. पाणी जठरात उतरलं. काही आठवड्यांनी दुर्बिणीनेच स्टेंट काढला. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, स्टेंट सरकणं हे धोके यात आहेतच. म्हणून मुलांचा अनुभव असलेली जागाच निवडावी. हैदराबादच्या डॉ. नागेश्वर रेड्डी यांच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीतल्या डॉक्टरांनी मुलांवरच्या अशा उपचारांचे अनुभव वैद्यकीय नियतकालिकांत मांडले आहेत.

वाचकहो, मूल पोटावर पडलं आणि नंतर कळ, उलटी सुरू झाली, तर ओव्याचा डबा शोधू नका. डॉक्टरांकडे जा आणि पडल्याचं आधी सांगा.

भाचा निपाणीला परतला, तेव्हा अज्जीने त्याचा सदरा वर करून टाके शोधले. एकही सापडेना. "एल्लि?" म्हणाली. त्याने हसत 'आ' केला.