दप्तर, रुमाल आणि संगणक

'दप्तर' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत आपण 'दफ्तर' म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे कचेरी येते. मराठीत हाच शब्द दोन अर्थांनी वापरतात. एक म्हणजे कागदपत्रांचा संग्रह आणि दुसरा म्हणजे तुमच्या पाठीवरची पुस्तकांची पिशवी. पहिल्याच तासाला भूगोलाची वही शोधताना ज्याचे सगळे दप्तर बाकावर उपडे होते, त्याला नीट लावलेल्या दप्तराची किंमत सांगावी लागत नाही.

आज आपण एका वेगळ्या दप्तराची माहिती घेऊ. हे दप्तर संगणकात असते.

मी धडगावच्या शाळेत शिकवतो. धडगाव हे नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण. चारी बाजूंनी सातपुड्याचे डोंगर. वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, मोबाइलची रेंजही कधी असते, कधी नसते. तरीही आमच्या शाळेतल्या संगणकावर मुले सुंदर चित्रे काढतात. त्यासाठी आम्ही 'क्रिटा' नावाचे सॉफ्टवेअर वापरतो. ते विनामूल्य मिळते. स्वीडिश भाषेत 'क्रिटा' म्हणजे खडू. या खडूच्या पेटीत शंभराहून अधिक कुंचले आधीपासूनच असतात. कोणता पेन्सिलीसारखा, कोणता शाईसारखा, तर कोणता ओल्या रंगासारखा उमटतो. शिवाय बाहेरून आणखी कुंचले, कागदाचे पोत, नक्षी आणि छायाचित्रे आणता येतात.

येथेच घोटाळा सुरू झाला. रेंज आली की मुले दिसेल ते उतरवून घेत. कोणी नंदुरबारहून, कोणी शहाद्याहून पेनड्राइव्ह भरून आणी. दोन वर्षांत संगणकावर 'नवे', 'नवे नवे', 'अंतिम', 'खरेच अंतिम' अशा नावांची फोल्डरे झाली. पावसाचा कुंचला हवा असेल तर तो शोधण्यातच अर्धा तास जाई. मग कंटाळून मुले तोच कुंचला पुन्हा उतरवून घेत, आणि पसारा आणखी वाढे.

नववीतील एक मुलगी तालुक्याच्या प्रदर्शनासाठी चित्र काढत होती. आमच्या भागात उन्हाळ्यात कैऱ्यांच्या फोडी वाळवून आमचूर करतात. अंगणात फोडी पसरणाऱ्या बायका, मागे कुडाची भिंत, असे ते चित्र होते. भिंतीसाठी तिने एका खऱ्या घराचे छायाचित्र जोडले होते. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी मला काय सुचले कोण जाणे, मी संगणक 'साफ' करायला बसलो. 'भिंत' नावाच्या दोन फाइली दिसल्या. एक जादा आहे असे समजून मी ती काढून टाकली आणि कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. सकाळी तिने चित्र उघडले. बायका होत्या, फोडी होत्या, पण भिंतीच्या जागी काहीच नव्हते.

"सर, भिंत कुठे गेली?" तिने विचारले.

त्या घराचे पुन्हा छायाचित्र काढावे म्हणून आम्ही धावत गेलो. पण भिंत नुकतीच नव्याने सारवली होती. जुन्या भेगा, उन्हाने उडालेला रंग, त्यांतून दिसणाऱ्या काठ्या, सारे झाकले गेले होते. शेवटी तिने दीड तासात हातानेच भिंत रंगवली. चित्र वेळेवर पोहोचले. पण ती भिंत तिला आजही आवडत नाही. मी वर्गासमोर तिची माफी मागितली.

असे का झाले, ते समजून घ्या. क्रिटात बाहेरची फाइल दोन रीतींनी चित्रात आणता येते. एका रीतीत छायाचित्र चित्रातच उतरते. दुसऱ्या रीतीला 'फाइल लेयर' म्हणतात. तिच्यात चित्राजवळ छायाचित्राचा फक्त पत्ता असतो. फाइल हलवली, तिचे नाव बदलले किंवा ती काढून टाकली, की पत्त्यावर कोणी सापडत नाही. कुंचल्याचे तसे नाही. कुंचला गेला तरी त्याने आधी ओढलेल्या रेघा चित्रात राहतात. म्हणून पसारा आवरण्यापूर्वी एक प्रश्न विचारायचा: या वस्तूवर आणखी कोण अवलंबून आहे? मी तो विचारला नाही. शिवाय नाव सारखे म्हणून वस्तूही सारखी असे मी धरले. एकाच वर्गात एका नावाची दोन मुले असतात. त्यांतील एकाचे नाव हजेरीपटातून कोणी खोडत नाही! त्या दोन फाइलींचे आकार वेगळे होते. उघडून पाहिल्या असत्या तरी पुरे होते.

आता थोडे पुण्याला जाऊ. तेथे 'पेशवे दप्तर' आहे. 1818 साली पेशवाई संपली आणि तिचे कागद इंग्रजांच्या ताब्यात आले. पुढे त्यांच्यासाठी पुण्यात दगडी इमारत बांधली गेली. ती 1891 साली पूर्ण झाली. यातील बहुतेक कागद मोडी लिपीत आहेत, काही फारसीतही आहेत. हे कागद कापडाच्या चौकोनी तुकड्यांत बांधून ठेवले आहेत. त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. दफ्तर आणि रुमाल, दोन्ही शब्द फारसीतून आलेले, म्हणजे तुमच्या ओळखीचेच. असे हजारो रुमाल तेथे आहेत. पागेचे, म्हणजे घोडदळाचे कागद वेगळे, प्रांतांच्या हिशेबाचे वेगळे, अशी त्यांची विभागणी आहे.

ही विभागणी केवळ हौसेची नव्हती. 1852 नंतर इंग्रज सरकारच्या इनाम कमिशनने लोकांची इनामे तपासली. ज्याचा हक्क कागदावर सिद्ध झाला, त्याचे इनाम टिकले. ज्याचा झाला नाही, त्याची जमीन जाण्याची वेळ आली. पुढे गो. स. सरदेसाई यांनी याच दप्तरातून कागद निवडून 45 भाग संपादित केले. त्यांची छपाई 1930 पासून सुरू झाली. कागद जपले गेले आणि गाठोड्यांत का होईना, लावून ठेवले गेले, म्हणूनच हे काम होऊ शकले.

फार दूरचे उदाहरण वाटत असेल, तर आमच्या तालुक्यातील पाड्यांवर पाहा. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासी कुटुंबाला 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून आपण ती जमीन कसत आहोत हे दाखवावे लागते. तेव्हा पत्र्याच्या पेटीत जपलेली एखादी जुनी दंडाची पावतीसुद्धा उपयोगी पडते. ज्या दंडामुळे कधी डोळ्यांत पाणी आले, त्याचाच कागद कामाला येतो.

पण रुमालाची एक अडचण आहे. समजा, एका पत्रात घोड्यांचीही हकीकत आहे आणि खानदेशच्या वसुलीचीही. ते कोणत्या रुमालात बांधायचे? कागद एक, जागाही एकच. संगणकातील फोल्डरचेही तसेच आहे. वाळलेल्या सागाच्या पानाचे छायाचित्र 'झाडे' या फोल्डरमध्ये ठेवावे की 'पोत' या फोल्डरमध्ये? एक मुलगा 'झाडे' उघडून शोधतो, दुसरा 'पोत' उघडून. दोघांपैकी एकाला ते सापडत नाही.

ग्रंथालयांनाही हा प्रश्न पडला होता. त्यावर एका भारतीयाने फार सुंदर विचार केला. शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे शिक्षक. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिक्षणासाठी लंडनला गेले. तेथे एका दुकानात त्यांनी मेकानोचे खेळणे पाहिले. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, पण जोडणी बदलली की निराळी वस्तू तयार होते. त्यांच्या मनात आले की पुस्तकाच्या विषयाचेही असेच सुटे भाग करून ते जोडता येतील. 1933 साली त्यांनी 'कोलन वर्गीकरण' प्रसिद्ध केले. त्यात विषयाच्या निरनिराळ्या बाजू, म्हणजे पैलू, वेगळे करून त्यांपासून पुस्तकाचा क्रमांक तयार होतो. खेळण्यांच्या दुकानात उभे राहून ग्रंथालयाचा विचार करणारा माणूस मला फार आवडतो!

ग्रंथालयात पुस्तक शेवटी एकाच फळीवर ठेवावे लागते. संगणकाला तेही बंधन नाही. क्रिटात प्रत्येक कुंचल्याला 'टॅग' लावता येतो. टॅग म्हणजे चिठ्ठी. एकाच कुंचल्याला 'पाऊस', 'शाई' आणि 'बारीक' अशा तीन चिठ्ठ्या लावा. तिन्हींपैकी कोणत्याही यादीत तो सापडेल, पण संगणकात तो एकदाच असेल. मात्र चिठ्ठ्यांनाही मर्यादा हवी. आमच्या मुलांनी पहिल्या आठवड्यात इतक्या चिठ्ठ्या केल्या की चिठ्ठ्यांचाच पसारा झाला. एकाने 'झाड' लिहिले, दुसऱ्याने 'झाडे', तिसऱ्याने 'वृक्ष'. मग आम्ही वर्गात बसून शब्द ठरवले आणि त्यांची यादी भिंतीवर लावली.

क्रिटात रुमालही आहेत. कुंचले, नक्षी, पोत यांचे एक गाठोडे बांधता येते. त्याला तेथे 'बंडल' म्हणतात. नको असलेले बंडल बंद करून ठेवता येते आणि हवे तेव्हा पुन्हा चालू करता येते. पाच क्रमांकाच्या आवृत्तीपासून, म्हणजे 2021 च्या अखेरीपासून, क्रिटात कुंचला काढला तरी तो बहुधा लगेच नष्ट होत नाही. फक्त नजरेआड होतो आणि परत आणता येतो. ज्याने ही सोय केली, त्यानेही कधी तरी कोणाची 'भिंत' घालवली असावी असे मला वाटते.

आता नावांविषयी. आपण तारीख लिहिताना दिवस आधी लिहितो. पण फाइलीच्या नावात 05-03-2023 आणि 05-04-2021 असे लिहिले, तर 2021 ची फाइल 2023 च्या मागे पडते. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, असे 2023-03-05 लिहिले की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. काही सॉफ्टवेअरमध्ये 10 हा आकडा 2 च्या आधी येतो, कारण संगणक पहिला अंक पाहतो. म्हणून 02 लिहावे. आपल्यासाठी आणखी एक पंचाईत आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते आणि अंक मात्र डावीकडून उजवीकडे. उर्दू नावात तारीख व इंग्रजी अक्षरे मिसळली की पडद्यावर नावाचे तुकडे उलटसुलट दिसू लागतात. तुमची चूक नसते, पण फाइल ओळखू येत नाही. म्हणून एका नावात एकच लिपी वापरा. चित्रात मात्र हवी तेवढी उर्दू लिहा.

बाहेरून आणलेली प्रत्येक वस्तू ही अमानत आहे. काही कलावंत आपले कुंचले सर्वांना मोकळे देतात, काही जण 'माझे नाव लिहा' अशी अट घालतात, तर काही जण ते विकायला मनाई करतात. वस्तू कोठून आणली आणि तिची अट काय, हे त्याच फोल्डरमध्ये एका छोट्या फाइलीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ते कोणालाच आठवत नाही.

आम्ही आमचे दप्तर लावले ते असे. आधी सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि ती डिस्क कपाटात ठेवली. मग रोज लागणारे कुंचले निवडले. ते पन्नासही भरले नाहीत! बाकीच्यांचे रुमाल बांधले. चित्रांत वापरलेली छायाचित्रे त्या त्या चित्राच्या फोल्डरमध्ये चित्राशेजारीच ठेवली. जे ओळखू आले नाही, ते 'तपासायचे' नावाच्या फोल्डरमध्ये टाकले. पुसले काहीच नाही.

ते फोल्डर अजून रिकामे झालेले नाही. दर शनिवारी शेवटच्या तासाला दोन मुले बसून त्यातील वीस फाइली उघडून पाहतात. मागच्या शनिवारी 'नवीन 7' नावाच्या फाइलीत तोरणमाळच्या तलावाचे छायाचित्र निघाले. ते कोणी काढले, याची विचारपूस चालू आहे. तोपर्यंत त्याला 'पाणी' आणि 'डोंगर' अशा दोन चिठ्ठ्या लावून ठेवले आहे.