दोन किलोची पिशवी, हजार किलोचा बोजा

पोत्याला चार कान आले की त्याची जंबो बॅग होते. निदान लांबून पाहणाऱ्याला एवढंच दिसतं: पांढरं, फुगलेलं, माणसाच्या छातीएवढं पोतं आणि वर क्रेनच्या हुकात किंवा फोर्कलिफ्टच्या दातांत अडकवलेले चार पट्टे. साखर, सिमेंट, मीठ, खत, शेंगदाणे, प्लॅस्टिकचे दाणे, रसायनांची पूड, सगळ्यांची वाहतूक या पोत्यातून चालते. रिकामी पिशवी दोन-अडीच किलोची, आणि उचलते हजार किलो. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या चारशे-पाचशे पट. पण ती बनवणाऱ्याला बोलतं केलंत तर तो कापडाचं कौतुक दोन वाक्यांत उरकेल आणि मग तासभर शिवणीबद्दल, कोपऱ्यांबद्दल, उन्हाबद्दल आणि ठिणगीबद्दल बोलत राहील. कापड सहसा दगा देत नाही. दगा देते ती त्याच्या आजूबाजूची मंडळी.

पाण्यावर तरंगणारा धागा

कापडाची दोन वाक्यं आधी उरकू. हे कापड पॉलिप्रॉपिलीनचं. इटलीच्या जुलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये हे स्फटिकासारख्या शिस्तीत रचलेलं प्लॅस्टिक तयार केलं आणि १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल जर्मनीच्या कार्ल त्सिग्लर यांच्यासोबत वाटून घेतलं. पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे धागा बादलीत टाकला तर तरंगतो. खरं तर तो धागा नसतोच, पट्टी असते. आधी पातळ फिल्म काढायची, तिच्या दोन-तीन मिलिमीटरच्या चिरफळ्या करायच्या आणि गरम करून प्रत्येक चिरफळी मूळ लांबीच्या पाच-सहा पट ताणायची. ताणताना आतले रेणू एका दिशेला ओळीत उभे राहतात आणि पट्टी चिवट होते. मग गोल लूमवर तिचं विणकाम. अशा लूमसाठी ऑस्ट्रियाची स्टारलिंगर आणि आपल्या कानपूरची लोहिया ही नावं या धंद्यात सगळ्यांना पाठ. तयार जंबो बॅगांच्या निर्यातीत भारत आणि तुर्कस्तान दोघंही आघाडीवर.

पाचपट धास्ती

पिशवीवर ‘१००० किलो’ असं छापलेलं असेल तर ती ५००० किलोला फाटायला नको. हा नियम आहे, दुकानदाराची बढाई नव्हे. एकदाच वापरायच्या पिशवीसाठी पाचपट, पुन्हा पुन्हा वापरायच्या पिशवीसाठी सहापट. लेबलवर हे ‘५:१’ किंवा ‘६:१’ असं लिहिलेलं असतं.

परीक्षाही एका दमात होत नाही. एकवार वापराची पिशवी आधी तीस वेळा दुप्पट भाराने ओढतात आणि मगच पाचपटीकडे नेतात. फेरवापराच्या पिशवीला चौपट भाराचे सत्तर झटके बसतात आणि त्यानंतर सहापट. पहिल्या झटक्याला तगणारी पिशवी तिसाव्याला कशी वागते, हे पाहायचं असतं. कारण प्रवासात तिला गिरणीत, गोदामात, ट्रकवर, बंदरात, जहाजावर असं कितीतरी वेळा उचललं जातं.

घातक माल भरायचा असेल तर संयुक्त राष्ट्रांची नियमावली लागू होते आणि परीक्षक चक्क सुरी काढतो. भरलेल्या पिशवीच्या कुशीत १० सेंटीमीटरचा तिरका छेद द्यायचा, वर दुप्पट भार ठेवायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. चीर अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त वाढली तर नापास. शिवाय पिशवी उंचावरून आपटतात, कलंडवतात, आडवी झालेली दोन कानांनी उचलून उभी करतात. सासुरवास म्हणतात तो हा.

नव्वदचं कोडं

बाजारातल्या असंख्य जंबो बॅगांचा पायथा ९० बाय ९० सेंटीमीटरचा असतो. शंभर बाय शंभर का नाही? गोल आकडा, हिशोबाला सोपा.

उत्तर पिशवी भरल्यावर मिळतं. कापड मऊ, आतला माल चहूकडून सारखा रेटतो, आणि चौकोनी शिवलेली पिशवी बघता बघता गोल होते. चार बाजू मिळून घेर ३६० सेंटीमीटर. तो गोल झाला की व्यास भरतो सुमारे ११५. आता जहाजाच्या कंटेनरची आतली रुंदी आठवा: साधारण २३५ सेंटीमीटर. शेजारी-शेजारी दोन पिशव्या ठेवल्या की ११५ अधिक ११५, झाले २३०. पाच सेंटीमीटर हात फिरवायला उरले. शंभरची पिशवी घेतली असती तर व्यास १२७ झाला असता आणि दुसरी पिशवी दारातच अडली असती. थोडक्यात, मिठाच्या किंवा वापीच्या रंगाच्या पिशवीचं माप शिंप्याने ठरवलेलं नाही, न्हावाशेवा बंदरात उभ्या असलेल्या लोखंडी डब्याने ठरवलंय.

पण गोल पोती शेजारी ठेवली की कोपऱ्यांत पोकळी राहते. भूमितीच सांगते की चौकोनात बसवलेलं वर्तुळ एकवीस टक्क्यांहून जास्त जागा वाया घालवतं. आणि कंटेनरचं भाडं तर आख्ख्या डब्याचं. यावर तोड म्हणजे बॅफल. पिशवीच्या आत चारही कोपऱ्यांना तिरप्या कापडी भिंती शिवायच्या. त्या शेजारच्या दोन बाजूंना धरून ठेवतात, पोट सुटू देत नाहीत आणि पिशवी भरल्यावरही चौकोनी राहते. या भिंतींना मोठी भोकं असतात, नाहीतर माल कोपऱ्यांत पोचणारच नाही. माझ्या मते या सगळ्या धंद्यातली ही सगळ्यात सुंदर युक्ती आहे, आणि ती बाहेरून दिसत नाही.

उंची ठरवतो तो माल. पायथा एक चौरस मीटर धरला तर टनभर सिमेंट पाऊण मीटरच्या आसपास बसतं, साखर सव्वा मीटरच्या जवळ जाते आणि प्लॅस्टिकचे दाणे पावणेदोन मीटर ओलांडतात. वजन एकच, पोतं बुटकं की लंबू हे वेगळं. उंची पायथ्याच्या दुपटीवर गेली की ते डुलायला लागतं, म्हणून हलक्या मालाच्या पिशव्यांवर डिझाइनर जास्त डोकं खाजवतो.

कान उपटू नयेत

चार कान सरळ उभे असतील तर टनाचा बोजा चौघांत वाटला जातो, प्रत्येकी अडीचशे किलो. पण क्रेनवाल्याने घाईत चारही कान ओढून एकाच हुकात कोंबले, हूक पोत्याच्या फार जवळ राहिला आणि पट्टे उभ्या रेषेपासून साठ अंश तिरके झाले, तर त्याच टनाला प्रत्येक कानावरचा ताण बरोबर दुप्पट होतो. माल किलोभरही वाढलेला नसतो. पाचपटीची ऐट अशी एका चुकीच्या हुकात अर्धी होते.

कान पिशवीला जिथे जोडतात तिथली शिवण म्हणजे कारखान्यातलं सगळ्यात मानाचं काम. सुई प्रत्येक टाक्याला पट्ट्या भोसकते, म्हणून शिवलेली जागा सलग कापडाइतकी मजबूत कधीच नसते. टाके कमी घातले तर शिवण उसवते, फार दाट घातले तर कापडच जाळीसारखं फाटतं. त्यामुळे पट्टा पिशवीच्या अंगावर बराच खाली उतरवून लांबलचक शिवतात, भार एका जागी न पडता पसरावा म्हणून. काही डिझाइनर शिवण टाळण्यासाठी आणखी पुढे जातात: पिशवीचं अंग नळीसारखं गोल विणून घेतात, म्हणजे उभी शिवणच नाही. बारीक पूड भरायची असेल तर शिवणीत मऊ दोरा घालतात, तो सुईची भोकं बुजवतो. नाहीतर मैद्यासारखा माल टाक्याटाक्यातून गळत राहतो.

ऊन नावाचा चोर

पॉलिप्रॉपिलीनला भार चालतो, ओल चालते, बरीच रसायनंही चालतात. ऊन मात्र सोसत नाही. अतिनील किरण त्याचे लांब रेणू तोडत जातात आणि कापड हातात चुरगळायला लागतं. म्हणून कापडातच ऊन सोसणारं मिश्रण घालतात आणि प्रयोगशाळेत दिव्याखाली २०० तास भाजून पाहतात. एवढ्या उन्हानंतर निम्मी ताकद शिल्लक राहिली तर पास. निम्मी! पाचपटीचा नियम इतका कडक का, याचं एक उत्तर इथे आहे.

या बाबतीतली सगळ्यात मोठी कहाणी जपानची. २०११ च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर शेतांची, अंगणांची वरची माती खरवडून ती साधारण एक घनमीटरच्या पोत्यांत भरली गेली. जपानी लोक या पोत्याला ‘फ्लेकॉन’ म्हणतात. भातशेतांत काळ्या पोत्यांचे डोंगर उभे राहिले. पुढे १.३ कोटी घनमीटरहून जास्त माती ओकुमा आणि फुताबा इथल्या साठवण केंद्रात नेण्यात आली. मधल्या वर्षांत पोती उन्हापावसात होती, काही फाटली, त्यांतून गवत उगवलं. ऑक्टोबर २०१९ च्या हागिबिस वादळात तामुरा शहरातली काही पोती नदीत वाहून गेली. काही वर्षांच्या बेतानं शिवलेल्या पिशवीकडून किरणोत्सारी मातीची राखण करून घेणं हा कापडावर जरा जास्तच विश्वास झाला.

ए, बी, सी, डी

कोरडी पूड वेगाने ओतली की घासून स्थिर वीज तयार होते. पिठाची, साखरेची, गंधकाची धूळ हवेत असेल किंवा जवळ ज्वालाग्राही द्रावकाची वाफ असेल तर एका ठिणगीत काम तमाम. म्हणून पिशव्यांच्या जाती पडल्या. ‘ए’ म्हणजे साधी, विजेपासून कसलंच रक्षण नाही. ‘बी’चं कापड असं की मोठी, जोरकस ठिणगी उडू नये. ‘सी’मध्ये विजेचे वाहक धागे जाळीसारखे विणलेले असतात आणि पिशवी भरताना-रिकामी करताना अर्थिंगची क्लिप लावावीच लागते. क्लिप विसरलात तर ‘सी’ ही ‘ए’पेक्षा वाईट, कारण वीज साठवणारी जाळी आता आयतीच तयार असते. ‘डी’ला क्लिप नको, तिचे खास धागे वीज हळूहळू हवेत सोडून देतात. कामगाराच्या विसराळूपणावर उतारा म्हणून जन्मलेली ही जात, आणि मला वाटतं डिझाइन यालाच म्हणावं.

सुईचा हिशोब

खाण्याच्या मालाच्या पिशव्या शिवणाऱ्या शेडमध्ये सुई तुटली तर तिचे सगळे तुकडे जुळून पूर्ण सुई होईपर्यंत ती पिशवी पुढे जात नाही. आत दिव्याचा प्रकाश सोडून कापड तपासतात, वाऱ्याच्या झोताने सुटे धागे उडवतात, काही ठिकाणी धातूशोधकाखालून काढतात.

आणि आपल्याकडे? रसायनाची रिकामी पिशवी भंगारात जाते, तिथून कुणी ती धान्याला घेतं. पिशवी भक्कम असते हे खरं, पण आतल्या पुडीचा अंश धुऊन जात नाही. बाटल्यांचं भंगार, बांधकामाचा राडारोडा, यांना जुनी जंबो बॅग जरूर द्यावी. ज्वारीला नको.

वीस खेपा

एक टन म्हणजे पन्नास किलोच्या वीस गोण्या, म्हणजे कुणाच्या तरी पाठीवरच्या वीस खेपा. ज्या महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटलांनी हमालांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, तिथे जंबो बॅगकडे दोन नजरांनी पाहिलं जातं. मणक्याच्या दृष्टीने ती वरदान. हमालीच्या दृष्टीने एक फोर्कलिफ्ट आणि एक ड्रायव्हर. त्यातही गंमत अशी की बहुतेक गावांतल्या मोंढ्यांत, मार्केट यार्डांत फोर्कलिफ्ट नाही, म्हणून तिथे गोणी अजून सुखरूप आहे. जंबो बॅगला ज्या गोदामात यंत्र आहे तिथेच किंमत. यंत्र नसेल तर ती टनभराची धोंड.

हवेत आणि पाण्यात

ऑगस्ट २०१९ मध्ये इंग्लंडच्या व्हेली ब्रिज गावावरच्या टॉडब्रुक धरणाचा सांडवा खचला. दीड हजार लोकांना घराबाहेर काढलं आणि हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने खडीने भरलेल्या मोठ्या पोत्यांची रांग लावली. ४०० टनांहून जास्त खडी आकाशातून अचूक भगदाडावर पडली. धरण वाचलं. ट्रक जिथे जाऊ शकत नाही तिथे कान असलेलं पोतं जाऊ शकतं.

जंबो बॅगचीच पाण्यावर वाढलेली बहीण म्हणजे बांबी बकेट. हेलिकॉप्टरखाली लोंबणारी, घडी होणारी कापडी बादली, कॅनडात जन्मलेली. एप्रिल २०२४ मध्ये नैनितालच्या जंगलात वणवा पेटला तेव्हा भारतीय हवाई दलाच्या एमआय-१७ने भीमतालच्या तलावात ती बुडवून पाणी नेलं.

कापडी पिशवीने उचललेल्या मालात टायटॅनिकचा तुकडाही आहे. इतक्या खोल समुद्राच्या तळाशी हवेची पिशवी चालत नाही, दाबाने हवा चेपते. डिझेल मात्र फारसं चेपत नाही आणि पाण्यापेक्षा हलकं असतं. म्हणून डिझेलने भरलेल्या पिशव्या बांधून जहाजाच्या बाजूचा सुमारे १५ टनांचा पत्रा वर काढायचा बेत ठरला. १९९६ ला पत्रा पृष्ठभागाजवळ येऊन वादळात निसटला आणि परत तळाला गेला. १९९८ ला मात्र बाहेर आला.

आणि सगळ्यात उलटा प्रकार क्रेनचा. ज्या क्रेनने पिशव्या उचलायच्या, तिची परीक्षा घ्यायलाही पिशवीच बोलावतात. लोखंडी वजनं वाहून आणणं महाग, म्हणून क्रेनच्या हुकाला मोठी रिकामी पाणपिशवी लटकवतात आणि पाइपाने भरत जातात. पाणी वाढेल तसं वजन वाढतं, क्रेनच्या क्षमतेच्या साधारण सव्वापटीपर्यंत. मधेच काही कुरकुरलं तर भरणं थांबवता येतं. लोखंड अर्धं टांगता येत नाही. परीक्षा झाली की खालचा व्हॉल्व्ह उघडायचा, टनावारी वजन गटारात सोडायचं आणि परीक्षक घडी घालून टेम्पोत टाकायचा.