लांबच्या प्रवासाची मोटारसायकल : दोन गाड्यांची तुलना आणि आपल्या खिशाचा हिशेब

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शाखेत एक तिशीचे खातेदार मुदत ठेवीची पावती घेऊन आले. "मॅडम, एफडी मोडायची आहे. हिमालयन घ्यायची आहे. पुढच्या जूनमध्ये मित्रांबरोबर लेहला जायचं ठरलंय." ठेव दीड लाखाची होती. खाते उघडताना त्यांनीच सांगितले होते की ही रक्कम आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आहे. मी त्यांना एफडी मोडू नका असे म्हटले नाही. पैसे त्यांचे, निर्णयही त्यांचाच. एवढेच म्हणाले, "बसा. आधी दोन गाड्यांचा हिशेब कागदावर मांडू, मग तुम्हीच ठरवा."

तो हिशेब पुष्कळ वाचकांच्या कामाचा आहे, म्हणून येथे देत आहे.

दोन गाड्या कोणत्या?

खडबडीत आणि लांबच्या रस्त्यांसाठी बनवलेल्या गाड्यांना 'अ‍ॅडव्हेंचर टूरिंग' म्हणतात. पुढचे चाक मोठे, सस्पेन्शन लांब, गाडी जमिनीपासून उंच आणि बसण्याची पद्धत सरळ, ही त्यांची ओळख. त्यांच्या यादीत दोन गाड्या होत्या.

पहिली, रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५०. नोव्हेंबर २०२३ मध्ये बाजारात आली. इंजिन ४५२ सीसीचे, ताकद सुमारे ४० पीएस, टाकी १७ लिटरची, वजन १९६ किलो.

दुसरी, हीरो एक्सपल्स २१०. ही २०२५ च्या सुरुवातीला आली. इंजिन २१० सीसीचे, ताकद सुमारे २४.६ पीएस, टाकी १३ लिटरची, वजन सुमारे १७० किलो.

दोन्हींना सहा गिअर आहेत, दोन्हींची इंजिने लिक्विड-कूल्ड आहेत आणि दोन्हींचे पुढचे चाक २१ इंचांचे आहे. सीटची उंचीही जवळपास सारखीच, ८२५ ते ८३० मिलिमीटर. पाच फूट चार इंच उंचीच्या माणसाने दोन्हींवर बसून पाय टेकतात का ते पाहावे. उभी गाडी कलली तर सावरायची आपल्यालाच आहे, आणि तेव्हा २५ किलोंचा फरक चांगलाच जाणवतो.

मोठ्या गाडीची ताकद खोटी नाही. मागे जोडीदार, दोन्ही बाजूंना सामान आणि समोर घाट असेल तर ४० पीएसचे इंजिन दमत नाही. दिवसभर महामार्गावर ९०-१०० च्या वेगाने जायचे असेल तरी मोठे इंजिन आरामात चालते. पण आपल्याकडे मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी महामार्ग यांसारख्या वेगवान रस्त्यांवर दुचाकीला प्रवेशच नाही, हेही लक्षात घ्यावे. एकट्याने, थोड्या सामानासह, कच्च्या रस्त्यावर जायचे असेल तर हलकी गाडी जास्त सोयीची.

पेट्रोलची भीती बहुतेकांना असते. मनाली-लेह रस्त्यावर तांडीच्या पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर' ही पाटी प्रसिद्ध आहे. मोठ्या गाडीला लिटरमागे २८ आणि लहान गाडीला ३६ किलोमीटर धरले, तर एका टाकीत अनुक्रमे सुमारे ४७५ आणि ४६५ किलोमीटर होतात. म्हणजे या बाबतीत दोघी जवळपास सारख्याच. घाटात सरासरी खाली येते, म्हणून जास्तीचे पेट्रोल दोन्हींबरोबर न्यावेच लागेल.

३५० सीसीची रेषा

पैशाच्या दृष्टीने दोन गाड्यांमधला सर्वांत मोठा फरक सरकारी कागदावर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर जीएसटी १८ टक्के आहे, त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. त्यापूर्वी लहान गाड्यांवर २८ टक्के आणि मोठ्यांवर सेससह ३१ टक्के होता. म्हणजे पूर्वी दोघींच्या करात तीन टक्क्यांचे अंतर होते, आता बावीस टक्क्यांचे झाले. कराआधीच्या प्रत्येक लाख रुपयांमागे एकीवर १८ हजार कर, दुसरीवर ४० हजार.

विम्यातही हीच रेषा आहे. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावाच लागतो. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकाप्रमाणे १५० ते ३५० सीसीच्या गाडीला त्याचा हप्ता ७,३६५ रुपये आणि ३५० सीसीच्या वरच्या गाडीला १५,११७ रुपये, कर वेगळा. दुप्पटीहून जास्त. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा निराळा. तो गाडीच्या किमतीवर ठरतो, म्हणून महाग गाडीला तोही जास्त.

रस्ता कर प्रत्येक राज्यात वेगळा असतो आणि बहुतेक राज्यांत किमतीच्या टक्केवारीने लागतो. बदलीची नोकरी असलेल्यांनी येथे जास्त लक्ष द्यावे. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवली तर तेथे पुन्हा नोंदणी करावी लागते आणि तेथील कर भरावा लागतो. केंद्र व राज्य सरकारी कर्मचारी, संरक्षण दलातील कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांना 'बीएच' मालिकेचा क्रमांक घेता येतो. त्यात कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो आणि बदली झाली की नवी नोंदणी लागत नाही.

महिन्याचा खर्च किती?

शोरूमची किंमत ही अर्धीच गोष्ट. कर, नोंदणी, विमा धरून रस्त्यावर येईपर्यंतची किंमत आम्ही हिशेबापुरती लहान गाडीला २ लाख आणि मोठीला ३ लाख ७० हजार धरली. तुमच्या गावचा आकडा शोरूमकडून लेखी घ्या. दोन्हींसाठी स्वतःचे ७० हजार आणि बाकीचे कर्ज, १२ टक्के घटत्या शिलकीवर, तीन वर्षांसाठी. वर्षाला १० हजार किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये लिटर.

लहान गाडी : हप्ता ४,३२०, पेट्रोल २,४३०, देखभाल-टायर-विम्यासाठी बाजूला १,२००. महिन्याला एकूण ७,९५० रुपये.

मोठी गाडी : हप्ता ९,९६५, पेट्रोल ३,१२५, देखभाल-टायर-विम्यासाठी बाजूला २,२००. महिन्याला एकूण १५,२९० रुपये.

फरक महिन्याला ७,३४० रुपयांचा. या खातेदारांचा पगार ४५ हजार. भाडे, घरखर्च आणि गावी पाठवायचे पैसे जाऊन हातात १४ हजार उरत. आकडे पाहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, शोरूममध्ये तर सहा हजार सातशेचा हप्ता सांगितला होता."

कमी हप्त्याची मेख

हप्ता खरोखरच ६,६७३ रुपये बसतो, पण पाच वर्षांच्या कर्जाला. तीन लाखांवर तीन वर्षांत व्याज जाते सुमारे ५८,७००. तेच पाच वर्षांत होते सुमारे १ लाख ४०० रुपये. हप्ता ३,३०० ने उतरला आणि व्याज ४१,७०० ने चढले. शिवाय पाचव्या वर्षी, गाडीचे टायर बदलायची वेळ येते तेव्हाही हप्ता चालूच असतो.

दुसरी मेख 'फ्लॅट' दराची. येथे माझीच गोष्ट सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका फायनान्स कंपनीकडून स्कूटरसाठी ८० हजारांचे कर्ज घेतले. दर फक्त १० टक्के, असे सांगितले गेले. एम.कॉम. झालेली मुलगी मी, तरी 'फ्लॅट' हा शब्द बारीक अक्षरात होता तो वाचला नाही. फ्लॅट दरात मूळ रकमेवर शेवटच्या महिन्यापर्यंत व्याज लागते, तुम्ही अर्धे मुद्दल फेडले असले तरी. तीन वर्षांत मी २४ हजार व्याज भरले.

आजच्या उदाहरणात बघा. तीन लाखांवर तीन वर्षांसाठी ९ टक्के फ्लॅट म्हणजे ८१ हजार व्याज. १२ टक्के घटत्या शिलकीवर ५८,७००. नऊ हा आकडा बारापेक्षा लहान दिसतो, पण तो प्रत्यक्षात सुमारे १६ टक्क्यांचा दर आहे.

यावर उपाय सोपा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किरकोळ कर्ज घेणाऱ्या प्रत्येकाला बँकेने किंवा फायनान्स कंपनीने 'मुख्य तथ्य पत्रक' द्यायचे असते. त्यात सर्व शुल्क धरून वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. दोन कर्जांची तुलना फक्त त्या एका आकड्यावर करा. पत्रक मिळाल्याशिवाय सही करू नका. मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड किती, हेही त्यातच पाहा.

गरज किती दिवसांची?

मी त्यांना शेवटचा प्रश्न विचारला, "लेहचे दिवस किती?" ते म्हणाले, "जाऊन-येऊन पंधरा." उरलेले साडेतीनशे दिवस गाडी ऑफिस आणि भाजीबाजाराची. लेहमध्ये मोटारसायकली भाड्याने मिळतात. दिवसाला २,००० रुपये धरले तरी आठ दिवसांचे १६ हजार होतात. मोठ्या गाडीचा जास्तीचा खर्च दोन-अडीच महिन्यांतच तेवढा होतो.

याचा अर्थ मोठी गाडी घेऊच नये असा नाही. आमच्याच शाखेत एक जोडपे आहे. दोघेही कमावते, घराचे कर्ज फिटलेले, सहा महिन्यांचा खर्च ठेवीत बाजूला, आणि दर महिन्याला दोघे मिळून लांब फिरायला जातात. त्यांनी मोठी गाडी घेतली ती योग्यच केली. मागे माणूस आणि सामान रोज असेल तर ताकदीचे पैसे वसूल होतात. प्रश्न गाडी चांगली की वाईट हा नाही. ती आपल्याला किती दिवस लागणार आणि तिच्यासाठी कोणत्या पैशाला हात लावायचा, हा आहे.

निर्णय घेण्यापूर्वी एवढे करा

१. ज्या ठेवीला आधीच काम नेमून दिले आहे, ती गाडीसाठी मोडू नका. मुदतीपूर्वी मोडल्यास व्याजही कमी मिळते.

२. दोन्ही गाड्या चालवून पाहा. मागे माणूस बसवून, चढावर, आणि गर्दीतही.

३. ऑन-रोड किमतीचा तपशील लेखी मागा. 'हँडलिंग' किंवा तत्सम नावाची रक्कम दिसली तर ती कशाची ते विचारा.

४. विमा शोरूममधूनच घ्यावा असे बंधन नाही. दोन-तीन कंपन्यांचे दर पाहा.

५. आयएसआय हेल्मेट, जॅकेट, हातमोजे आणि बूट यांचे पैसे किमतीत धरा. सामानाच्या पेट्या नंतर घेतल्या तरी चालतात, हेल्मेट नाही.

६. जवळचे सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे ते पाहा.

७. जितका हप्ता बसणार, तितकी रक्कम आधी सहा महिने आरडीत भरून पाहा. ओढाताण न होता जमले तर हप्ताही जमेल. जमले नाही, तर कर्ज न घेताच कळले.

८. कर्ज फिटल्यावर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. हे राहिले तर गाडी विकताना अडते.

आमच्या खातेदारांनी त्या दिवशी एफडी मोडली नाही. महिना ७,००० ची आरडी उघडली, दहा महिन्यांसाठी. सातव्या महिन्यात आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, ठेव त्यासाठीच उपयोगी पडली. त्या जूनला ते लेहला गेले नाहीत. आरडी संपल्यावर हलकी गाडी घेतली. मागच्या आठवड्यात पासबुक भरायला आले होते. हेल्मेट काउंटरवर ठेवून म्हणाले, "मॅडम, यंदा जून नक्की. आईनेच सांगितलंय जा म्हणून."