गाव बदलण्याआधी शाळा पाहा



बैल घ्यायचा असला तर आपण चार बाजार हिंडतो. बैलाचे दात पाहतो, चाल पाहतो, खांदा पाहतो. साधे गाडगे घेतानाही टिचकी मारून आवाज ऐकतो. पण मुलाबाळांना घेऊन दुसऱ्या गावी राहायला जायचे ठरले, की तिथली शाळा कशी आहे हे मात्र आपण पाहत नाही. "शाळा आहे ना? मग झालं तर!" असे म्हणून मोकळे होतो.

आज गाव बदलणारे लोक पुष्कळ आहेत. कोणी पाडव्याला सालगडी म्हणून दुसऱ्या गावच्या मळ्यात जातो. कोणी वीटभट्टीवर जातो. कोणी वाट्याने जमीन करायला जातो. जाण्याआधी बोलणी होतात. पैसे किती, धान्य किती, राहायला खोली कशी, हे सारे ठरते. शाळेचे नाव निघत नाही. मग जून महिन्यात कळते, की मळ्यापासून शाळा चार किलोमीटर आहे आणि वाटेत ओढा आहे. पहिले चार दिवस मूल जाते. पाऊस लागला की घरी बसते. मुलगी असली तर धाकट्या भावाला सांभाळायचे काम तिच्याकडे येते. एकदा घरी बसलेली मुलगी पुन्हा शाळेत आणणे फार कठीण. आम्ही गुरुजी मंडळींनी हे वर्षानुवर्षे पाहिले आहे. म्हणून गाव बदलण्याआधी शाळा कशी पारखावी, ते इथे सांगतो.

आधी वाट चालून पाहा

मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा कायदा २००९ साली झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षण मिळालेच पाहिजे, असे हा कायदा सांगतो. महाराष्ट्राचे नियम २०११ साली झाले. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे त्यात म्हटले आहे.

पण नियम कागदावर असतो आणि पाय मुलाचे चालतात. म्हणून नव्या घरापासून शाळेपर्यंत आपण स्वतः चालत जावे. मोटारसायकलवर जाऊ नये. वाटेत ओढा आहे का? मोठा रस्ता ओलांडावा लागतो का? उसाचे दाट फड आहेत का? पावसाळ्यात चिखल किती होतो, हे तिथल्या बायकांना विचारावे. त्या खरे सांगतात, कारण त्यांची मुले त्याच वाटेने जातात.

शाळा कितवीपर्यंत आहे?

हा प्रश्न सर्वांत जास्त लोक विसरतात. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. खेड्यातल्या बहुतेक सरकारी प्राथमिक शाळा त्याच चालवतात. पण सगळ्या शाळा सारख्या नसतात. कुठे चौथीपर्यंत वर्ग असतात, कुठे पाचवीपर्यंत, तर कुठे सातवी-आठवीपर्यंत.

समजा, तुमची मुलगी तिसरीत आहे. गावची शाळा चौथीपर्यंत आहे. म्हणजे वर्ष-दीड वर्षात प्रश्न उभा राहणार. पुढची शाळा कोणत्या गावी? तिथे एस. टी. जाते का? सकाळी किती वाजता जाते आणि संध्याकाळी कधी परत येते? मुलींना शाळेसाठी एस. टी.चा मोफत पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळतो. पण गाडीच येत नसेल तर पास घेऊन काय करायचे?

गावात आणखी एक गोष्ट विचारा. "इथल्या आठवी-नववीतल्या मुली कुठं शिकायला जातात?" लोकांनी दोन-चार मुलींची नावे पटकन सांगितली तर समजावे, की वाट आहे. "मुली कशाला जातील एवढ्या लांब?" असे उत्तर आले, तर तुमच्या मुलीचेही पुढे तेच होण्याची भीती आहे.

शाळेत जा, पण साध्या दिवशी

पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला प्रत्येक शाळा छान दिसते. रांगोळी असते, झेंडा असतो, मुलांचे कपडे धुतलेले असतात. म्हणून शाळा पाहायची तर साध्या मंगळवारी किंवा बुधवारी जावे. मात्र गावचा बाजार त्या दिवशी नसावा. बाजाराच्या दिवशी हजेरी कमीच असते.

प्रार्थनेच्या आधी पोहोचावे. मुख्याध्यापकांना नमस्कार करावा आणि सरळ सांगावे, "गुरुजी, आम्ही या गावी राहायला यायचं म्हणतोय. पोरांना तुमच्याच शाळेत घालायचं आहे. जरा शाळा बघू का?" चांगला शिक्षक या बोलण्याने रागावत नाही. त्याला आनंदच होतो.

शाळेत एक फळा असतो. त्यावर पट आणि हजेरी लिहिलेली असते. पट म्हणजे नाव घातलेली मुले. हजेरी म्हणजे आज आलेली मुले. फळ्यावरचा आकडा वाचा आणि वर्गातली डोकी मोजा. दोन्ही जुळले तर शाळेचा कारभार सरळ आहे, असे समजायला हरकत नाही.

गुरुजी किती आणि वर्ग किती?

कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. एकसष्ट ते नव्वद मुले असली तर तीन हवेत. वरच्या वर्गांना पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. म्हणून विचारावे, "जागा किती आणि त्यांतल्या भरलेल्या किती?" रिकाम्या जागा वर्षानुवर्षे तशाच असतील, तर ते चांगले लक्षण नाही.

लहान गावात दोन शिक्षक आणि चार वर्ग, असे पुष्कळ ठिकाणी असते. तेवढ्यावरून शाळेला नाव ठेवू नये. एक गोष्ट मात्र पाहावी. गुरुजी तिसरीला शिकवत आहेत, तेव्हा चौथीची मुले काय करतात? ती गणित सोडवत असतील, एकमेकांना धडा वाचून दाखवत असतील, तर गुरुजी हुशार आहेत. ती नुसती भिंतीकडे पाहत बसली असतील, तर मुलांचा निम्मा दिवस वाया जातो.

मुलांच्या वह्याही पाहाव्यात. वहीत तारखा असतात. शेवटची तारीख कोणती? तपासल्याची खूण आहे का? चूक दुरुस्त करून घेतली आहे का? वही खोटे बोलत नाही.

खरी परीक्षा वाचनाची

रंगवलेल्या भिंती, टीव्ही, संगणक हे सारे असले तर चांगलेच. पण शितावरून भाताची परीक्षा करायची, तर वाचनावरून शाळेची परीक्षा करावी.

'प्रथम' नावाची संस्था २००५ सालापासून खेडोपाडी घरोघर जाऊन मुलांचे वाचन पाहते. या पाहणीला 'असर' म्हणतात. २०२४ सालच्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या शंभर मुलांपैकी सुमारे सत्तावीस मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता आला. बाकीची मुलेही शाळेत जातच होती. म्हणजे शाळेत नाव असणे वेगळे आणि शिकणे वेगळे.

ही परीक्षा तुम्हीही घेऊ शकता. दुसरीचे पुस्तक घ्या. तिसरी-चौथीतल्या तीन-चार मुलांना जवळ बसवा. फक्त पुढच्या बाकावरची मुले घेऊ नका, मागचीही घ्या. प्रेमाने म्हणा, "बाळ, एवढं वाचून दाखव बरं." मूल अक्षराला अक्षर जोडत अडखळते, की सरळ वाचते? वाचल्यावर "यात काय सांगितलंय?" असे विचारा. पाठ केलेले मूल इथे थांबते. वाचता येणारे मूल सांगू लागते.

दोन वर्षांपूर्वी कदाचित तुम्हाला हे करता आले नसते. पुस्तक उलटे धरले की सुलटे, हेही कळले नसते. आज तुम्ही स्वतः वाचता. म्हणून आज तुम्ही शाळाही पारखू शकता. साक्षरतेचा हा केवढा मोठा उपयोग!

गावात खासगी शाळा असली, मुलांना टाय असला, न्यायला गाडी येत असली, तरी परीक्षा हीच. तिथेही मुलाला वाचायला सांगावे आणि अर्थ विचारावा.

पाणी, संडास आणि जेवण

शाळेत पिण्याचे स्वच्छ पाणी आणि मुलामुलींचे वेगळे संडास असले पाहिजेत, असे कायदा सांगतो. संडास आहे का एवढेच पाहू नये. दार उघडून पाहावे. आत पाणी आहे का? आतून कडी लागते का? पुष्कळ ठिकाणी संडासाला कुलूप असते. मुलगी मोठी झाली, की एवढ्या एका कारणावरून ती शाळा सोडते.

दुपारचे जेवण आठवीपर्यंतच्या मुलांना मोफत मिळते. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज शंभर ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे दीडशे ग्रॅम धान्य ठरलेले आहे. जेवणाच्या वेळेपर्यंत थांबावे. अन्न शिजलेले आहे का, सगळी मुले एका पंगतीत बसतात का, हे पाहावे. एखाद्या वस्तीची मुले वेगळी बसवलेली दिसली, तर त्या शाळेत आधी माणुसकी शिकवायला हवी, असे समजावे.

दाखल्यासाठी मूल अडवता येत नाही

पुष्कळ आईबाप म्हणतात, "दाखला मिळाला नाही, म्हणून पोरगं घरी बसलंय." हे बरोबर नाही. मागितल्यावर शाळा सोडल्याचा दाखला लगेच द्यावा, असे कायदा मुख्याध्यापकांना सांगतो. दाखला यायला उशीर झाला, तरी नव्या सरकारी शाळेने मुलाला घेतलेच पाहिजे. जन्माचा कागद नाही, एवढ्यावरूनही मुलाला परत पाठवता येत नाही. मूल कधीच शाळेत गेले नसेल, तरी त्याला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचे आणि मागे राहिलेला अभ्यास वेगळा शिकवायचा, अशी तरतूद आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी आधी गावच्या गुरुजींना भेटावे. जिथे मूल जाईल तिथल्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड असते, त्याची चौकशी करावी. काही भागांत मुलांना मागे गावीच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहेही चालतात. आजी-आजोबा गावी असतील आणि वसतिगृह असेल, तर मुलाला मागे ठेवणे पुष्कळदा बरे.

शाळा कमी पडली तर?

काम त्याच गावी आहे आणि शाळा मात्र यथातथाच आहे, असेही होते. पोटासाठी जावेच लागते. अशा वेळी हात जोडून बसू नये. प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात शंभरात पंच्याहत्तर सभासद आईबाप असावे लागतात आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. नवे आहोत म्हणून मागे राहू नये. बैठकीला जावे. "शेवटची बैठक कधी झाली, वहीत काय लिहिलं?" असे विचारावे. वही आता तुम्हाला वाचता येते. आणि रोज रात्री मुलाला जवळ घेऊन एक पान वाचून घ्यावे. आई-बाप विचारतात हे कळले, की मूलही जागे राहते आणि शाळाही जागी राहते.

पाडव्याची बोली

सालगड्याची बोली पाडव्याला होते. शाळेची वार्षिक परीक्षा त्यानंतर, एप्रिलमध्ये असते. म्हणून बोलीतच सांगावे, "पोरांची परीक्षा झाल्यावर बिऱ्हाड आणतो." पैसे आणि धान्य यांच्या जोडीला शाळेचीही बोली करावी. मळा लांब असेल, तर शाळेजवळच्या वस्तीत खोली मागावी. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

जाण्याआधी हे सात प्रश्न एका कागदावर लिहून घ्या आणि खिशात ठेवा:

१. घरापासून शाळा किती लांब? वाट कशी?
२. शाळा कितवीपर्यंत? पुढे मुली कुठे जातात?
३. पट किती? आज मुले किती?
४. शिक्षक किती? रिकाम्या जागा किती?
५. तिसरीतले मूल दुसरीचे पुस्तक वाचते का?
६. पाणी, संडास, जेवण कसे?
७. समितीची बैठक होते का?

उत्तरे स्वतःच्या हाताने लिहा. घरी येऊन मालकीणबाईंना वाचून दाखवा. मग दोघांनी मिळून ठरवा. शेताचे एक साल बुडाले, तर पुढच्या सालात भरून काढता येते. मुलाचे गेलेले साल परत येत नाही.