मधुमेह आणि तळपायांची आग

‘डॉक्टर, दिवसा विशेष काही नसतं, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तळपायांची नुसती आग होते.’ मधुमेहाच्या रुग्णांची ही तक्रार मी वरचेवर ऐकतो. बरेच जण ती अगदी शेवटी, जाता जाता सांगतात. ‘उष्णता असेल’ म्हणून काशाच्या वाटीने तूप चोळण्यात त्यांचे वर्ष-दोन वर्षे गेलेली असतात.

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की मज्जातंतूंना इजा होते. सर्वांत लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत जातात. म्हणून त्रास तेथून आणि बहुधा दोन्ही पायांत सारखाच सुरू होतो. आग, मुंग्या, सुया टोचणे, विजेसारखा झटका, पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होणे, ही त्याची लक्षणे.

हे ओळखणारी एखादी रक्ततपासणी नाही. निदान होते ते रुग्णाचे ऐकून आणि पाय तपासून. फ्रान्समधील डॉक्टरांची २००५ सालची ‘डीएन-४’ ही दहा मुद्द्यांची प्रश्नावली आहे. चार किंवा अधिक उत्तरे ‘होय’ आली, तर वेदना मज्जातंतूंची असण्याचा संभव मोठा. मग नायलॉनच्या तंतूने स्पर्श, टाचणीने टोच आणि अंगठ्यावर नादकाटा टेकवून कंपने कळतात का, ते पाहतात. यंत्रावरची तपासणी जाड तंतूंचीच होते. बारीक तंतू बिघडलेले असूनही ती ‘नॉर्मल’ येऊ शकते.

मात्र प्रत्येक दुखणे मधुमेहाच्या माथी मारू नये. चालताना पोटरी भरून येऊन थांबल्यावर बरे वाटत असेल, तर रक्तपुरवठा तपासावा. एकाच पायात कळ जात असेल, तर कंबर पाहावी. मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू असेल, तर बी-१२ जीवनसत्त्व मोजावे. थायरॉइड, दारू आणि अंगावरचा बधिर चट्टा, म्हणजे कुष्ठरोग, हेही विसरू नये.

एक इशारा. आग होणारा पाय बधिरही असू शकतो. चप्पल निसटलेली कळत नाही, गरम पाण्याने पाय भाजलेला कळत नाही. जखम चिघळते आणि प्रसंगी पाय कापावा लागतो. उपचाराशिवाय आग थांबली, तर आनंद मानू नका. तंतू अधिक निकामी झालेले असू शकतात. दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून रोज घेऊ नका, मूत्रपिंडांना धोका असतो. या वेदनेची औषधे वेगळी असतात.

टाइप-टू मधुमेह आढळताच आणि नंतर दरवर्षी ही तपासणी करावी. पुढच्या खेपेला डॉक्टरांना साखरेचा रिपोर्ट दाखवाल, तेव्हा मोजे काढून पायही दाखवा.